कुंडीतला निवडुंग आणि आपला पाण्याचा हात



ऊस विकास अधिकाऱ्याने निवडुंगावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण आता गावातल्या घरांतही खिडकीशी छोट्या कुंडीतला निवडुंग दिसतो. मुले नर्सरीतून हौसेने आणतात, दोन महिन्यांत तो मऊ पडून आडवा होतो. मग "रोपच खराब दिलं" म्हणून आपण मोकळे! खरे कारण बहुधा एकच, जास्तीचे पाणी.

आमच्या हातूनही हेच झाले. मुलीने दिलेला निवडुंग शेतकी ऑफिसात टेबलावर ठेवला होता. येता-जाता त्याला पाणी घालायचो. एके दिवशी बोट लावले, तर बुडापासून कुजलेला. तोडणीची चौकशी करायला आलेले एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, आम्हाला पाणी मोजून द्या म्हणता, अन् हे काय?" आम्ही काय बोलणार! थोडे थांबून तेच म्हणाले, "माझी ओढ्याकडची पट्टी अशीच गेली बघा."

निवडुंगाचे कूळ मूळ अमेरिका खंडातले. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. त्याचे काटे म्हणजे बदललेली पाने, आणि हिरवे दिसते ते खोड. पाणी त्या खोडात साठते. अंगावरची छिद्रे तो दिवसा मिटतो व रात्री उघडतो, म्हणून पाणी कमी उडते. असा काटकसरी गडी रोज पाणी पाजून मरणारच.

पाणी : माती खालपर्यंत सुकली, की मगच द्यावे. मात्र देताना बुडाच्या छिद्रातून निथळेपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. थंडीत फारच कमी. सकाळचे ऊन मिळेल अशी खिडकी उत्तम.

कुंडी बदलणे : दोन-तीन वर्षांनी, किंवा मुळ्या छिद्रातून बाहेर डोकावू लागल्या म्हणजे. थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे.

१) नवी कुंडी इंचभरच मोठी घ्यावी. बुडाला छिद्र हवेच.
२) माती, जाड वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. नुसती काळी माती नको. युरिया तर नकोच.
३) आधी माती सुकू द्यावी. मग वर्तमानपत्राची जाड घडी निवडुंगाभोवती गुंडाळून तो अलगद उपसावा. काटे लागत नाहीत.
४) कुजक्या मुळ्या कापाव्यात, रोप दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे व पूर्वीइतकेच खोल लावावे.
५) त्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये. मुळांच्या जखमा भरू द्याव्यात.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

आता त्या ओढ्याकडच्या पट्टीविषयी. उसाला पाणी लागते, हे आम्हीही जाणतो. पण निचरा नसला की मुळांना हवा मिळत नाही, खालचे क्षार वर येतात आणि रान पांढरे पडते. कुंडी बदलता येते, रान कुठून बदलून आणणार? कुंडीला जसे छिद्र, तसा शेताला चर. तो शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो, म्हणून वर्षानुवर्षे अडतो. या उन्हाळ्यात दोघांनी एकदा बांधावर बसावे. आम्हाला बोलवा, आम्हीही येऊ.

टेबलावर नवा निवडुंग आणला आहे. तांब्या मात्र आता दूर ठेवला आहे.