सूर्यप्रकाशापासून डोळ्यांचे संरक्षण

सूर्यप्रकाशातील अतिनील (जंबुपार) किरण व प्रखर दृश्य प्रकाश यांमुळे डोळ्यांना होणारी इजा टाळण्याच्या उपायांचा समावेश सूर्यप्रकाशापासून डोळ्यांचे संरक्षण या विषयात होतो. ही इजा हवेच्या उष्णतेमुळे होत नाही, तर किरणांमुळे होते. त्यामुळे तिचा धोका उन्हाळ्यापुरता मर्यादित नसून वर्षभर असतो.

अतिनील किरण आणि डोळा

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट केले जातात. त्यांपैकी ‘क’ गटातील किरण वातावरणातच शोषले जातात. ‘ब’ गटातील (२८० ते ३१५ नॅनोमीटर) किरणांचा थोडा भाग आणि ‘अ’ गटातील (३१५ ते ४०० नॅनोमीटर) बहुतेक किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. डोळ्यात शिरणारे अतिनील किरण मुख्यतः पारपटल व नेत्रभिंग शोषून घेतात. लहान मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत प्रौढांच्या तुलनेत जास्त किरण जातात.

होणारे विकार

थोड्या वेळात तीव्र किरण डोळ्यांवर पडल्यास पारपटलाचा दाह होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे व उजेड सहन न होणे ही त्याची लक्षणे काही तासांनंतर दिसू लागतात. संरक्षक काचेशिवाय वेल्डिंग पाहणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. अनेक वर्षे उन्हात काम केल्याने बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ (बोलीभाषेत ‘डोळ्यात मांस वाढणे’), मोतीबिंदू आणि पापण्यांच्या त्वचेचा कर्करोग यांचा धोका वाढतो. वाढते वय हे मोतीबिंदूचे प्रमुख कारण आहे. मात्र मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत प्रकरणांमध्ये अतिनील किरणांचा वाटा असू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

सूर्याची उंची आणि ऋतू

सूर्य डोक्यावर असताना भुवया, पापण्या व डोळ्यांची खोबण यांमुळे डोळ्यांवर सावली पडते. सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असताना मात्र त्याच्या दिशेने तोंड करून चालणाऱ्या किंवा काम करणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांत किरण समोरून शिरतात. म्हणून त्वचेच्या दृष्टीने दुपार सर्वांत घातक असली, तरी डोळ्यांसाठी सकाळचा मध्य व दुपारनंतरचा काळही जोखमीचा ठरतो. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा किंचित लांब असणे ही या काळाची सोपी खूण आहे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे याचे बोलके उदाहरण आहे. हे गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो मध्यान्हीलाही सुमारे ४५ अंशांच्या वर जात नाही. वऱ्हाडात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने लोक डोक्याला दुपट्टा बांधतात व भर दुपारी बाहेर पडणे टाळतात. कापूस वेचणीच्या थंडीच्या दिवसांत ऊन हवेहवेसे वाटते आणि डोळे उघडे राहतात. तिरप्या उन्हात तासन्‌तास उभे राहण्याचे दिवस मात्र हेच असतात.

रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या या गावातून आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. पंढरपूर कौंडण्यपूरच्या नैर्ऋत्येस असल्याने दुपारनंतरच्या वाटचालीत सूर्य बहुधा वारकऱ्यांच्या समोर किंवा उजव्या हाताला असतो. पावसाळी आकाशही पुरेसे संरक्षण देत नाही, कारण विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण पार होऊ शकतात. याच जिल्ह्यातील चिखलदऱ्याची हवा थंड असली, तरी समुद्रसपाटीपासूनची उंची १,००० मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते.

संरक्षणाचे उपाय

उन्हाच्या चष्म्याची काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी असावी. अशा चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ अशी नोंद असते. काचेचा गडद रंग ही संरक्षणाची खात्री नव्हे. यात्रेत किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या गडद, पण किरण न अडवणाऱ्या चष्म्यामुळे बाहुली मोठी होते आणि अधिक किरण आत जाऊ शकतात. ध्रुवीकृत काच पाण्यावरची किंवा रस्त्यावरची चकाकी कमी करते, पण तिच्यावरही अतिनील संरक्षणाची नोंद पाहणे आवश्यक असते. बाजूंनी झाकणारी चौकट अधिक उपयुक्त असते.

रुंद काठाची टोपी डोळ्यांवर पडणारे अतिनील किरण सुमारे निम्म्याने कमी करते. दुपट्टा किंवा पदर कपाळाच्या पुढे ओढून घेतल्यास वरून येणारे ऊन अडते, मात्र समोरून येणाऱ्या किरणांसाठी चष्माच लागतो. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असताना संरक्षण वापरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. विदर्भात निरभ्र दिवशी दुपारी हा निर्देशांक डिसेंबरमध्येही ३ च्या वर असतो. घराबाहेरील खेळामुळे मुलांमधील लघुदृष्टीचा धोका कमी होतो, म्हणून मुलांना घरात न कोंडता टोपी व सावली यांचा वापर करणे योग्य ठरते.

सूर्याकडे थेट पाहणे

सूर्याकडे, विशेषतः ग्रहणकाळात, थेट पाहिल्यास दृष्टिपटल भाजून कायमचा दृष्टिदोष येऊ शकतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असताना ती कळत नाही. उन्हाचा चष्मा, काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म किंवा ताटातील पाण्यात दिसणारे प्रतिबिंब यांपैकी कोणताही मार्ग सुरक्षित नाही. त्यासाठी प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा किंवा बारीक छिद्रातून पडद्यावर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी.

तपासणी

दृष्टी धूसर होणे, दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा बुबुळावर मांस सरकू लागणे ही नेत्रतपासणीची कारणे आहेत. मोतीबिंदू औषधाच्या थेंबांनी बरा होत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरचा उपाय असून १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ती शासकीय रुग्णालयांत केली जाते.