साठीनंतरचा पव्वा



अकोल्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या एका दादांची तक्रार मजकडे आली. ती मजुरीची नव्हती, दारूच्या दुकानदाराची होती. "भाऊ, आंदी पुरा पव्वा घेतला तरी काई व्हये नाई. आता अर्ध्यातच झोक जाते. मालात भेसळ हाये!" वय विचारले तर 62. भेसळ होतच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच बाटलीतून घेणारा त्यांचा तिशीतला जोडीदार सरळ चालत होता. तेव्हा फरक बाटलीत नसून माणसात असला पाहिजे.

मद्यार्क शरीरातील पाण्यात मिसळतो, चरबीत फारसा नाही. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे 60 टक्के पाणी असते. उतारवयात मांस झडते, चरबी वाढते आणि हे प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास येते. 60 किलोंचा माणूस धरा : पूर्वी पाणी 36 लिटर, आता 30. वरणात पाणी कमी आणि मीठ तेवढेच, असा हा प्रकार. तोच पव्वा रक्तात एक पंचमांशाने अधिक कडक होतो. स्त्रियांच्या शरीरात पाणी मुळातच कमी, म्हणून त्यांना तो त्याहून जड जातो.

त्यात यकृत लहान होते, त्याचा रक्तपुरवठा घटतो. मेंदू थोडक्यातच तोल सोडतो. तरुण पडला तर कपडे झटकून उठतो. म्हाताऱ्याचे खुब्याचे हाड मोडते. "मला सवय आहे, चढत नाही," असे पुष्कळजण सांगतात. चढल्याचे जाणवले नाही म्हणून यकृत वाचले असे होत नाही. आपल्या राज्यात कडक दारूला 25 वर्षांची खालची मर्यादा कायद्याने घातली आहे. वरची मर्यादा कोणी घातलेली नाही.

खरा धोका गोळ्यांचा. या वयात बहुतेकांच्या खिशात पुडी असते. रक्तदाबाच्या गोळीवर दारू घेतली तर उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी प्याले तर साखर एकदम उतरते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, लटपटतो. लोक म्हणतात, जास्त झाली, पडू द्या. तो तिथेच दगावू शकतो. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. म्हातारपणी तहान कमी लागते आणि दारूने लघवी वाढते, म्हणून उन्हाळ्यात हे अधिकच घातक.

मात्र रोज घेणाऱ्याने हे ऐकून आज रात्रीच एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात कापतात, भास होतात, झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

त्या दादांच्या खिशात साखरेच्या गोळ्या निघाल्या. मी त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. "किती घेता?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "थोडीशीच." मी शेजारून म्हटले, "दादा, पव्वा सांगा."