कर्ज फिटलं, पण सिबिलमध्ये दावा तसाच!



आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींचं घरकर्ज मागे अडलं. त्यांनी स्वतः एक रुपयाही थकवला नव्हता. पण मित्राच्या कर्जाला ते जामीनदार होते. कर्ज थकलं, बँकेने दोघांवर दिवाणी दावा लावला, हुकूमनामा झाला. पुढे मित्राने पैसे भरले आणि गुरुजींना वाटलं, विषय संपला. सिबिल अहवालात मात्र त्या खात्यापुढे 'दावा दाखल' तसंच! (आपण शिक्षक एकमेकांना किती सहज जामीन राहतो, हे वेगळं सांगायला नको. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.)

आपल्याकडे सिबिलला ही माहिती कोर्ट नाही, बँक पुरवते. म्हणून कर्ज फिटल्याची नोंद दोन्हीकडे करून घ्यावी लागते.

आधी कोर्टाचं बघू. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर भरले, तर बँकेने ते कोर्टाला कळवायचं असतं. तिने नाही कळवलं, तर आपण अर्ज करायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ मध्ये ही सोय आहे, पण मुदत भरणा केल्यापासून फक्त ३० दिवस! नोंद न झालेला भरणा दरखास्तीच्या वेळी कोर्ट धरत नाही, आणि दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते. पगारजप्ती आली तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. हिशेबात धरलेला पगार ३१,००० असेल, तर महिन्याला १०,००० जातील. अपूर्णांकाचं हे उदाहरण स्वतःवर सोडवायची वेळ येऊ नये.

बँकेकडून निल दाखला घ्याच. तडजोडीत काही रक्कम माफ झाली असेल, तर अहवालात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागतं, आणि पुढची बँक ते बघून बिचकते. लोकअदालतीचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा, "सिबिलला काय कळवणार?" उत्तर लेखी मागा. वकील परवडत नसेल, तर चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या वाड्यापाड्यांवरच्या पालकांना हे जरूर सांगा.

आता अहवाल. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकीची दिसली, तर निल दाखला जोडून कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद नाही मिळाली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही. भामरागडसारख्या ठिकाणी नेट रुसलं असेल, तर तक्रार पोस्टानेही पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आमच्या गुरुजींनी कोर्टातून भरणा नोंदवल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढली आणि ती तक्रारीला जोडली. दीडेक महिन्याने नोंद बदलली. आता जामिनाच्या फॉर्मवर सही मागायला कोणी आलं, की ते आधी त्याचा सिबिल अहवाल मागतात.