उपचारापूर्वीचे दिवस : पती-पत्नींनी करावयाची तयारी



मी डॉक्टर नाही. 2018 साली माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी आम्हा दोघांच्या हातून ज्या चुका झाल्या आणि त्यातून जे शिकायला मिळाले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही.

पहिली चूक तिची. गाठ हाताला लागूनही तिने सात महिने कोणाला सांगितले नाही. गाठ दुखत नव्हती आणि मुलीचे लग्न तोंडावर आले होते. अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे तिला ठाऊक नव्हते. दुसरी चूक माझी, आणि ती अधिक मोठी. तुकडा तपासणीचा रिपोर्ट मी एकट्याने आणला आणि डॉक्टरांना हात जोडून म्हटले, “तिला सांगू नका, ती खचेल. या वयात तिला काय करायचे आहे? स्तन पूर्ण काढून टाका.” घरी मात्र साधी गाठ आहे असे सांगितले. चौथ्या रात्री ती म्हणाली, “अहो, साध्या गाठीसाठी कोणी रात्रभर जागतं का? काय असेल ते मला सांगा. शरीर माझं आहे.”

त्या रात्री आम्ही प्रथमच मोकळेपणाने बोललो आणि रडलोही. आमची खरी तयारी त्या रात्री सुरू झाली.

आजार दोघांनी समजून घ्यावा

स्तनाचा कर्करोग सर्व स्त्रियांना सारखाच होत नाही. बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर ई.आर., पी.आर. आणि हर-टू या तपासण्या करतात. पहिल्या दोन तपासण्यांवरून गाठ शरीरातील स्त्री-संप्रेरकांवर वाढते की नाही हे समजते. तशी असल्यास किमान पाच वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. हर-टू जास्त असल्यास त्यासाठी वेगळे इंजेक्शन असते. गाठीचा आकार व काखेतील गाठी पाहून आधी शस्त्रक्रिया करायची की आधी किमो द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून शेजारणीला जे उपचार दिले तेच आपल्याला का नाहीत, असा संशय घेऊ नये.

स्तन पूर्ण काढावाच लागतो, हा समज आजही घराघरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. हालस्टेड यांनी छातीच्या स्नायूंसह स्तन काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि ती अनेक दशके चालली. पुढे अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर व इटलीतील डॉ. वेरोनेसी यांनी रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. योग्य रुग्णात केवळ गाठ काढून रेडिएशन दिले तरी स्त्रिया तितक्याच जगतात, असे त्यांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीला हे शक्य असतेच असे नाही. पण शक्य असेल तेव्हा निर्णय तिचा असावा, नवऱ्याचा किंवा सासूचा नव्हे. माझ्या पत्नीची गाठ किमोने लहान झाली आणि तिने स्तन वाचवण्याचा निर्णय घेतला. त्या रात्री ती बोलली नसती, तर माझ्या एका वाक्याने तो निर्णय परस्पर झाला असता.

डॉक्टरांकडे जाताना

दोघांनी मिळून जावे. प्रश्न आदल्या दिवशी वहीत लिहावेत, कारण केबिनमध्ये गेल्यावर काही सुचत नाही. आजार कोणत्या टप्प्यात आहे? उपचारांचा क्रम काय? किमो किती वेळा व किती दिवसांच्या अंतराने? हृदयाची टू-डी इको तपासणी लागेल काय? पुढे मूल हवे असेल, तर ते किमो सुरू होण्यापूर्वीच सांगावे, नंतर उशीर होऊ शकतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात गैर काही नाही. विचाराला काही दिवस घेतल्याने बिघडत नाही, परंतु महिने घालवू नयेत. भस्मे, काढे, गावठी औषधे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

कागदपत्रे व खर्च

सर्व रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत आणि झेरॉक्सचा एक संच घरी ठेवावा. रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. मात्र रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, तेथे जाण्यास संकोच करू नये. कर्करोगाच्या रुग्णास व सोबतच्या एका माणसास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. गावाहून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे.

घरची तयारी

किमो चालू असताना प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून घरात थर्मामीटर हवा. ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. दाताचे दुखणे असल्यास आधी दाखवावे. केस बहुधा गळतात, उपचार संपल्यावर पुन्हा येतात. पत्नीने आधीच केस बारीक कापून घेतले, त्यामुळे उशीवर पुंजके पाहण्याचे दुःख कमी झाले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नळी व बाटली लावलेली असते. त्यातील पाणी मोजून वहीत लिहावे लागते. हे काम नवऱ्याने शिकून घ्यावे. पुढून उघडणारे सैल गाऊन दोन-तीन शिवून ठेवावेत. हाताचे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून नियमित करावेत. पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचे डबे ही कामे कोण करणार, हे आधीच ठरवावे. “बघू तेव्हा” म्हटले की ती कामे अखेर आजारी बाईच करते.

हा रोग संसर्गजन्य नाही. ताट, पेला, अंथरूण वेगळे करू नये. औषधाच्या त्रासापेक्षा हा दुरावा स्त्रीला अधिक लागतो.

शेवटची विनंती

1998 साली टाटा रुग्णालयाने मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या गटात पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नव्हते, केवळ शिकलेला हात होता.

माझ्या पत्नीची पाच वर्षांची गोळी आता संपली आहे. तपासणीला आम्ही दोघे जातो, पण आता फाईल तिच्या हातात असते आणि प्रश्नही तीच विचारते. भगिनींनो, गाठ लपवू नका. आणि बंधूंनो, रिपोर्ट लपवू नका, एवढीच नम्र विनंती.