रॅम वाढवली, तरी स्क्रिप्ट रखडतेच!

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात मालाच्या साठ्याचा हिशेब जुळवणारी पायथॉनची स्क्रिप्ट रखडू लागली, की पहिला सल्ला ठरलेला: ‘रॅम वाढवा!’ सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे.

रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम डेटा डिस्कवर ढकलते. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्डडिस्कवरून आणायचं तर काही मिलिसेकंद, म्हणजे हजारो पट. तिथं नवी पट्टी लगेच गुण देते. पण सगळा डेटा आधीच मावत असेल, तर जादा रॅम नुसती पडून राहते. वेगाचंही तसंच. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीऐवजी दोन, दोन चॅनेलवर लावल्या, तर कमाल वहनक्षमता सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबीवर जाते. पायथॉनच्या साध्या लूपला मात्र त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. प्रत्येक बेरजेला प्रकार तपासा, नवा ऑब्जेक्ट बनवा, यातच त्याचा वेळ जातो.

खरी गंमत मांडणीत आहे. ६४-बिट पायथॉनमध्ये १ हा साधा आकडा २८ बाइट खातो. पायथॉनच्या यादीत (लिस्टमध्ये) आकडे नसतातच, असतात त्यांचे पत्ते, प्रत्येकी ८ बाइटचे. दहा लाख वेगवेगळ्या आकड्यांना त्यामुळे ३५ एमबीहून अधिक जागा लागते; नमपाय या पायथॉन लायब्ररीच्या ॲरेत तेच ८ एमबीत बसतात. आता ही यादी खेळातल्या पत्त्यांसारखी पिसा आणि पुन्हा बेरीज करा. आकडे तेच, रॅम तेवढीच, उत्तरही तेच. वेळ मात्र वाढतो. यादीतले मेमरीचे पत्ते ओळीनं वाचले जातात, पण आकडे रॅमभर विखुरलेले असल्यानं प्रोसेसरच्या कॅशेला पुढचा अंदाज बांधता येत नाही.

मोजमापही फसवतं. पायथॉनचं ‘टाइमइट’ वेळ मोजताना कचरा, म्हणजे निकामी ऑब्जेक्ट, गोळा करणारी यंत्रणा मुळातच बंद ठेवतं. ढीगभर ऑब्जेक्ट बनवणारी स्क्रिप्ट त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा चपळ दिसू शकते. ही यंत्रणा किरकोळ नव्हे: इन्स्टाग्रामनं ती आपल्या सर्व्हरवर बंद केली आणि कार्यक्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचं २०१७ साली सांगितलं. त्याआधी, २००९ मध्ये, संशोधक टॉड मिटकोविझ आणि सहकाऱ्यांनी तर नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची लांबी बदलली. प्रोग्रॅमला हातही न लावता वेग बदलला, कारण मेमरीतल्या स्टॅकची जागा सरकली होती.

तेव्हा नव्या पट्टीची ऑर्डर देण्याआधी स्क्रिप्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी भरलेली नसेल आणि डिस्क शांत असेल, तर पैसे खिशातच ठेवा नि यादीच्या जागी ॲरे वापरून पाहा.