कठीण धातू आणि कार्बाइडचं ड्रिल

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ड्रिलच्या बिटांवर का बोलावं, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. एका शब्दाच्या घोळामुळे वर्कशॉपमध्ये महागडी बिटं मोडतात, आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. तो शब्द म्हणजे ‘कठीण’.

बोलताना आपण कठीण, टणक, मजबूत, चिवट हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण काठिण्य म्हणजे ओरखड्याला, झिजेला विरोध करणं. चिवटपणा म्हणजे धक्का पचवून न तुटता टिकणं. काच आणि साधा खिळा घ्या. काचेवर खिळ्याने सहसा ओरखडा उठत नाही, पण हातातून पडली की काच फुटते. खिळ्याला काही होत नाही. कार्बाइडचं ड्रिल याबाबतीत काचेच्या बाजूला उभं आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप समजतात.

कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे बारीक कण, कोबाल्टने बांधलेले. 1923 साली जर्मनीत ओस्राम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी ही पद्धत काढली. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ नावाने विकला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव आलं, आणि आपल्याकडेही कार्बाइडला विडिया म्हणणारे कारागीर आहेत. यात कोबाल्ट वाढवला की चिवटपणा वाढतो आणि काठिण्य उतरतं. कमी केला की उलट. दोन्ही एकदम हवं म्हणालात, तर मिळत नाही. अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’वरच्या आपल्या ‘दीपिके’त म्हटलं आहे की काठिण्य हा स्वतंत्र गुण नाही, तो अवयवांचा एक विशिष्ट संयोग आहे. त्यांच्यासमोर कार्बाइड नव्हतं, पण हे वर्णन त्याला नेमकं लागू पडतं!

आता निवड. आधी बिट पाहू नका, ज्याला भोक पाडायचं तो तुकडा पाहा. त्याच्या कडेवर कानस फिरवा. कानस सहज चावत असेल तर साधं हायस्पीड स्टीलचं बिट पुरतं. स्टेनलेस स्टीलला कोबाल्टमिश्रित हायस्पीड चांगलं. कानस नुसती घसरत असेल, तर ते पाणी दिलेलं पोलाद आहे, रॉकवेल सी मापावर साधारण 60 च्या आसपास. इथे अखंड कार्बाइडचं बिट लागतं. दुकानात मात्र नीट विचारा. भिंतीला भोक पाडायच्या बिटालाही टोकाला कार्बाइडच असतं, पण त्याची धार काँक्रीट फोडण्यासाठी बोथट ठेवलेली असते. पोलादावर ते नुसतं घासतं आणि तापतं. आपल्याला टोकाचा कोन 135 ते 140 अंशांचा आणि लांबी गरजेपुरतीच हवी. बिट जितकं लांब, तितकं लवचण्याचं आणि मोडण्याचं भय जास्त.

वापरताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, स्थिरता: तुकडा व्हाइसमध्ये घट्ट, बिट चकमध्ये न डुगडुगता सरळ. दुसरी, वेग आणि दाब. 6 मिलिमीटरचं बिट आणि मिनिटाला 20 मीटर कापण्याचा वेग धरला, तर फेरे होतात मिनिटाला सुमारे 1060. दर फेऱ्याला 0.04 मिलिमीटर पुढे सरकवलं, तर 12 मिलिमीटर खोल भोक साधारण 17 सेकंदांत होतं. हे आकडे उदाहरणादाखल. खरे आकडे बिट बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या. पण घाबरून मध्येच थांबून घासत बसू नका, धार तिथेच जाते. तिसरी, उष्णता: कूलंट द्यायचं तर सुरुवातीपासून अखंड द्या, नाहीतर कोरडंच चालवून हवेने चुरा उडवा. तापलेल्या कार्बाइडवर मधूनच गार थेंब पडले की त्याला बारीक तडे जातात. भोक आरपार निघताना दाब हलका करा. बरीच बिटं तिथेच मोडतात.

आणि चष्मा. कार्बाइड वाकून आधी सूचना देत नाही, एकदम फुटतं. धार लावताना डायमंड व्हील वापरा आणि मास्क लावा. कोबाल्टची धूळ फुप्फुसांना घातक असते.

एक प्रश्न आलाय: “सर, हातातल्या ड्रिल मशीनवर चालेल का?” अखंड कार्बाइडचं बिट असेल, तर नाही. हात कितीही सरावलेला असो, तो थोडा तरी हलतोच. तेवढं हलणं हायस्पीडचं बिट वाकून सहन करतं, कार्बाइड करत नाही. स्टँडचं मशीन नसेल, तर तो तुकडा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या. मोडलेलं कार्बाइड भोकात अडकलं, तर दुसऱ्या ड्रिलने ते निघत नाही. ठिणगीने धातू झिजवणाऱ्या मशीनवर न्यावं लागतं, आणि तो खर्च बिटाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. पुढचा प्रश्न घेऊ या.