रेशमाची गाठ

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच याच शाळेच्या प्रयोगशाळेत मला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा प्रथम दाखविला. पुढे विकृतिशास्त्र हाच माझा व्यवसाय झाला. त्यातील एक अनुभव आज आपल्यापुढे ठेवतो.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे लोटलेल्या एका बाईंच्या हाताला जुन्या व्रणालगत कठीण गाठ लागली. पेट स्कॅनमध्ये ती ठळक उजळली. रोग उलटला, असेच घरातल्या सर्वांनी धरले. बाईंनी तर मुलीच्या लग्नाची तारीख अलीकडे आणविली. सुईने काढलेल्या नमुन्यात मला अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड पेशी दिसल्या आणि, कबूल करतो, 'कर्करोगाचा संशय' असे लिहिण्यास माझाही हात सरसावला. लिहिले नाही, गाठ काढून पाठवावी, असे कळविले. ती आली तेव्हा त्या पेशींच्या मधोमध बारीक तंतूंचे जुडगे होते. ध्रुवित प्रकाशात ते लखलखले. तो टाक्याचा रेशमी धागा होता!

परके द्रव्य शिरले की शरीरातील भक्षक पेशी ते गिळू पाहतात. जंतू गिळता येतो. धागा त्यांच्याहून कितीतरी मोठा. मग त्या एकमेकींत मिसळून महापेशी बनतात, धाग्याला वेढा घालतात आणि भोवती तंतूंचे कठीण कवच तयार होते. हा वेढा वर्षानुवर्षे टिकू शकतो. पेट स्कॅनचे म्हणाल, तर त्याला कर्करोग असा दिसतच नाही. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर कोणत्या पेशी अधिक शोषतात, एवढेच तो सांगतो, आणि झुंजणाऱ्या भक्षक पेशीही साखरेच्या भुकेल्याच असतात.

रेशमाचेच काय, रक्तस्राव थांबविण्यासाठी ठेवलेला सेल्युलोजचा तुकडा किंवा छातीत पाणी पुन्हा साठू नये म्हणून घातलेली टाल्कची पूडही असाच चकवा देते. हातमोज्यांवरील पिठाचे कण ध्रुवित प्रकाशात फुलीसारखी आकृती दाखवितात. अशा पूडयुक्त मोज्यांवर अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. पोटात राहून गेलेल्या कापसाच्या गाठीला तर कापसाच्या लॅटिन नावावरून 'गॉसिपिबोमा' असे भारदस्त नाव मिळाले आहे! तथापि व्रणालगतची गाठ म्हणजे धागाच, असे मानून घरी बसणे अधिक घातक. पहिला संशय रोगाचाच घ्यावा लागतो, आणि निवाडा ऊतीचा तुकडा पाहूनच होतो.

त्या बाईंचे लग्नघर मात्र अलीकडच्या तारखेवरच ठाम राहिले. पत्रिका वाटून झाल्या होत्या.